खिळ्यावरचा नान

—छे छे, आत ये की. उंबऱ्यातून काय बोलतेस, झेबो? वर्षभर याच ओट्यावर मांडी घालून चहा प्यायलीस, आता बरी लाज वाटायला लागली! फोटोवाल्याला मात्र बाहेरच राहू दे. त्याच्यापुढे एकदा हसले तेवढं पुरे झालं. नाक्यावरच्या फलकावर आहे की मी — तंदुरात वाकलेली, दात काढून हसतेय, आणि माझ्या डोक्यामागे काय, तर ही उंच इमारत! 'रहिवाशांनी घडवलेला मोहल्ला' म्हणे. कुठले गं रहिवासी? एक तरी दाखव ना मला.

तू मोहल्ला सुधारायचे नकाशे घेऊन आलीस तेव्हा दार तरी कोण उघडत होतं तुला? समरकंदची माणसं चहा पाजतील, पण मनातलं सांगतील? नाव नको! मीच हिंडले दारोदार. म्हटलं, ही पोर साहेबांसारखी हुकूम सोडत नाही, आपल्याला विचारतेय — बोला. आणि बोलले गं सगळे! शेजारच्या अंझिरतने तर तुझ्या कागदावर तुतीचं झाड काढलं, खाली बाक काढला, म्हणाली म्हातारपणी इथे बसू. राहिली का तुती? मान काय खाली घालतेस, मीच सांगते — नाही राहिली. आणि तो हशर! मोहल्ल्याने हाक मारली की फावडं घेऊन यायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही — हशर म्हणजे हशर. तू म्हणालीस, खाला, सांडपाण्याचा पाइप येतोय, चर लोकांनीच खणला तर काम लवकर उरकेल. मी हाक मारली. झाडून सगळे आले. मी आणि अंझिरतने कढईभर पुलाव केला. अंझिरतचा नवरा युल्दाश पाइप बघून म्हणाला, 'एवढ्याशा घरांना हा पाइप? यातून गाढव जाईल.' आणि मी काय म्हणाले? तोंड मीट आणि खण, तुझा जन्म संशयात गेला! सगळे हसले. तूही हसलीस. तुला तेव्हा माहीत होतं का गं, पाइप आमच्यासाठी नाही, या इमारतीसाठी येतोय ते? ...हं, होतं तर. वाटलंच मला.

आमच्याच हातून खणून घेतलंत. मग घरं पाडलीत, माणसं शहराबाहेर नेऊन टाकलीत, आणि माझं तेवढं ठेवलंत — तंदूर शोभेचा, म्हणे! पाडलं असतं तर बरं झालं असतं. युल्दाश भर गल्लीत ओरडला, 'सलोमतने विकलं आपल्याला!' मी! त्याच्या लेकीच्या लग्नाचे नान भाजले ते याच हातांनी!

खा ना, गरम आहे. अगं, तो नको — तो खिळ्यावरचा काढू नकोस! तो अंझिरतचा. तुझ्याही आजीने टांगला असेल की; लांब निघालेलं माणूस एक घास तोडून जातं, उरलेला परत येऊन संपवायला. तिचा ट्रक भरला, तेव्हा तीळ लावून खास भाजला, धावत नेला. काय? ...हो, अख्खाच आहे. तिने हातात घेतला, कपाळाला लावला — अन्नाचा अपमान करणारी नव्हे ती — आणि मला परत दिला. म्हणाली, 'सलोमत, आता कोणाकडे परत यायचं?'

...जा तू. चहा राहू दे. जाताना दार ओढून घे.