गोठ्यातलं पिल्लू

राणीसावरगावच्या फाट्यावर दिनकरराव पालमच्या मोटारीची वाट बघत बसले होते. त्यांच्या पाठीमागं दोन बायांचं बोलणं चाललं होतं.

“केशर, टोपल्यात काय गं?”

“कुत्र्याचं पिल्लू, झुंबरमावशी. पालमला भयनीकडं सोडून येते. सासूबाई म्हनल्या, घरात एक तर हे ऱ्हाईल न्हाईतर मी.”

“असं काय केलं त्यानं?”

“रोज चुलीपाशी मुतायलंय. मी लगेच शेणाचं पोतेरं फिरवते, तर पुन्यांदा तितंच!”

“जलमलं कुठं?”

“आमच्याच गोठ्यात. त्याची माय पान लागून मेली, साप चावला तिला.”

“मग त्याचं काय चुकलं? शेणाचा वास आला की त्याला मायजवळचा गोठाच वाटत असंल, तितंच मुतायची सवय त्याला.”

“अगं बाई! मी तर दिसातून चारदा सारवायलेय.”

“घरात आठ दिस नुसतं पानी फिरव. अंगनात कडंला हातभर जागा सारवून दे. तितंच जाईल.”

“सासूबाई आयकतील?”

“आठ दिस माग. उठ, मोटार आली.”

“तुमीच व्हा पुढं, मावशी.”

मोटार सुटली. दिनकररावांनी खिडकीतून मागं पाहिलं. केशरबाई पिल्लू काखेत धरून गावाकडं निघाली होती आणि रिकाम्या टोपल्यात वाटेवरचं शेण गोळा करत होती.