अर्धं पान

गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशीची. डोळ्यांच्या दवाखान्यात आमच्या आक्का डोळ्यांत औषध घालून, पापण्या मिटून बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी बोलत होते.

“प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कुठवर आलं?”

“होतच आलंय, सर.”

“चार वर्षं होतच आलंय! आज दाखवते, उद्या दाखवते.”

“नीट झाल्यावर दाखवणार होते. तुमची लाल शाई आठवली की हातच थांबतो.”

“आता कसली लाल शाई, बाई! डॉक्टर म्हणाले, महिनाभरात उरलंसुरलंही दिसायचं बंद होईल.”

“सर…”

“रडू नकोस. हातात कसला कागद चुरगाळतेस?”

“तेच प्रकरण. अर्धंच पान झालंय.”

“मग अर्धं वाच. कान शाबूत आहेत माझे.”

“इथे? लोक ऐकतील.”

“ऐकू देत.”

ती वाचू लागली.

“थांब. वाक्य फार लांबलं. पुन्हा वाच.”

आक्कांचा मोतीबिंदू पुढे सुखरूप निघाला. सरांची नजर महिनाभरात गेली. ती विद्यार्थिनी दर गुरुवारी त्यांना लिहिलेलं वाचून दाखवायला जाऊ लागली. कधी दोन पानं, कधी चारच ओळी. दोन वर्षांनी प्रबंध पुरा झाला. मार्गदर्शकाच्या सहीसाठी तिने सरांचं बोट रेघेवर नेऊन ठेवलं. सही रेघेच्या बरीच वर गेली. तिने दुसरा कागद पुढे केला नाही.