पापणी हलली की गेला!

...आणि वर सासरे म्हणतात, "पापणी हलली की गेला!" अहो, पापणी काय माझ्या बापाची नोकर आहे? तुम्हाला सांगतो, बारा वर्षं... बारा वर्षं अमेरिकेतल्या या ओझार्कच्या डोंगरात दर वसंतात मी बंदूक घेऊन झाडाला पाठ लावून बसतोय, आणि एक रानटी टर्की मिळाला असेल तर शपथ! शिसारी आलीय मला त्या पक्ष्याची! ते लाल-निळं टक्कल, ते गळ्याखाली लोंबणारं कातडं... शी! आणि आमचे सासरे, वर्लिन, ब्याऐंशी वर्षांचे, म्हणतात, "जावईबापू, त्याला वास येत नाही, पण डोळे असे की तुमच्या मनातला विचार दिसतो. आलाच एखादा विचार, तर."

या सासऱ्यांनी स्वतः तासलेली देवदाराची डबी आहे. झाकण घासलं की हुबेहूब मादी बोलते, "याव... याव... याव..." की नर आलाच! यंदा भरल्या ताटावर त्यांनी जाहीर केलं, "हंगामात एक नर आणलात तर डबी तुमची. नाही तर डेल्मरची." डेल्मर म्हणजे माझा मेहुणा. त्याच्या भिंतीवर नऊ टर्कींच्या शेपट्या पंख्यासारख्या पसरून ठोकल्यात, आणि नाताळात मला मुद्दाम त्यांच्याखालच्याच खुर्चीत बसवतो, मेला!

तर शेवटचा दिवस. डबी उसनी घेऊन उजाडायच्या आत बसलो. अंगावर पानापानांचे कपडे, तोंडाला जाळी... बायको म्हणाली, "लग्नात एवढी तयारी नव्हती केलीत!" नर कुठे आहे ते कळावं म्हणून मी घुबडासारखा घुमलो, तर पलीकडच्या ओढ्यातून नर खवळून ओरडला, "गळगळगळगळ!" डबी घासली. आला की हो! पण कसा? एक पाऊल टाकतो, थांबतो, मान वर... एक पाऊल, थांबतो... दोन तास! माझा पाय मेला, पाठ मेली, आणि एक गोचीड मानेवरून निवांत वर चढतेय. हलायचं नाही! पापणी हलली की गेला! गोचीड कानामागे पोचली... तिनं जागा पसंत केली... आणि चावली! मी हललो? छे! नुसती पापणी...

"पुट्ट!"

नर दचकून ओरडला आणि गेला! जिथे पक्षी होता तिथे नुसतं गवत!

मग दुसरा एकही फिरकला नाही, आणि एक वाजला. दुपारी एकला आमच्याकडे शिकार बंद, कायदाच आहे. बंदूक रिकामी केली, गाडीपाशी आलो, आणि बघतो तर काय... टर्की! माझ्या गाडीच्या टपावर! खाली वाकून काचेतल्या स्वतःच्याच तोंडाशी भांडतोय! मी ओरडलो, टोपी हलवली, दोन्ही हात हलवले, नाचलो अक्षरशः... आणि पापण्या? पन्नास वेळा! त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, टपावर घाण केली आणि परत भांडायला लागला. अरे, भी की जरा! माणूस आहे मी!

तेवढ्यात डेल्मरची गाडी आली. डबीचा निकाल ऐकायला तो आणि सासरे, दोघेही हजर! सासऱ्यांनी दार उघडलं, काठी टेकली, त्यांचा एक पाय जमिनीला लागला मात्र...

"पुट्ट!" पक्षी डोंगरापार!

सासऱ्यांनी टपाकडे बघितलं. मग म्हणाले, "रानटी पक्षी माणूस बरोब्बर ओळखतो, जावईबापू. द्या डबी डेल्मरला."

दिली. काय करणार? पण तुम्हाला सांगतो... पापणीसुद्धा हलवली नाही!