आवाज करणारी सायकल

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. दोघंही साठीच्या पुढचे. विक्रेता त्यांना यंत्रं दाखवत होता.

“अहो, चालायचा पट्टा नको. पाय घसरला तर?”

“अगं, हळू चालेन.”

“बागेतही हळूच चालत होतात. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं आणि मला कळलं संध्याकाळी.”

“डॉक्टरच व्यायाम करा म्हणतात, त्याला मी काय करू?”

“करा ना, पण घरात करा. सायकल घेऊ, बसून तरी होईल.”

“काकू, मग ही बघा. जराही आवाज नाही. शेजारी कुणी झोपलं असलं तरी जाग येणार नाही.”

“आणि ती कोपऱ्यातली?”

“ती नका घेऊ. फार घरघरते.”

“अहो, बसा बरं तिच्यावर. मी दाराबाहेर उभी राहते.”

ती बाहेर जाऊन परत आली.

“स्पष्ट ऐकू येतं. हीच द्या.”

“अगं, डोकं उठेल तुझं.”

“उठू दे. स्वयंपाकघरात मला कळत तरी राहील.”

“आणि दमून थांबलो तर?”

“थांबायच्या आधी हाक मारायची.”

“दर वेळी?”

“दर वेळी. आणि मी आंघोळीला गेले की सायकलवर बसायचं नाही.”

ती पैसे द्यायला वळली. मागची घरघर थांबली. तिचा हात पर्समध्येच राहिला.

“अहो?”

“उतरतोय गं.”

“मग हाक का नाही मारलीत?”