भटूभाऊने सुधारलेला गेम

टीव्हीला जोडायचे ते जुने घरगुती कॉम्प्युटर आठवतात ना? त्यांच्यासाठी आजही प्रोग्राम लिहिणारे आम्ही नऊ येडे आहोत, आणि यंदा आमचं संमेलन शहाद्याच्या एका मंगल कार्यालयात झालं. आमचे प्रोग्राम कॅसेटवर असतात. कॅसेट लावली की नुसती किंचाळी येते, आणि ती ऐकूनच कॉम्प्युटर गेम चालू करतो.

ऐनवेळी माझा टेपरेकॉर्डर बंद पडला, म्हणून माझ्या नव्या गेमची कॅसेट साउंडवाल्या भटूभाऊच्या मशीनमध्ये घातली आणि तिथून वायर कॉम्प्युटरला जोडली. किंचाळी सुरू झाली तसा भटूभाऊचा चेहरा उतरला.

"सर, आवाज फाटी ऱ्हायना."

"तो तसाच असतो. हात लावू नका."

"आसं कसं? मन्ही इज्जतना सवाल शे." त्याने बास वाढवला, वर इको टाकला.

माझी सहा महिन्यांची मेहनत स्क्रीनवर एरर होऊन आली. वैतागून मी कॅसेट तिथेच टाकून निघालो.

परवा भटूभाऊचा फोन आला. "सर, तुमनं गानं चार वरातस्मा वाजनं. लोके परत लावाले सांगी ऱ्हायनात."

"अहो, तो गेम आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. दुसरा भाग कव्हय काढशात?"

लिहायला घेतलाय. या वेळी बास मीच टाकतोय.