टाकी किती फुटांची?

(उल्हासनगर, कॅम्प तीन. रंगीत माशांचं दुकान. दुकानदार दिपेश, सिंधी. समोर राजरत्न आणि माया. दोघांचं लग्न अजून ठरायचं आहे.)

दिपेश : वाळू दाखवतो, फिल्टर पण दाखवतो. पण साहेब, आधी सांगा ना, टाकी किती फुटांची?

राजरत्न : नेहमीची. मीडियम.

दिपेश : मीडियम म्हणजे? दोन, अडीच, तीन? आणि आत्ता मासे किती आहेत?

राजरत्न : आहेत... चार-पाच. लाल.

माया : आमच्या घरी आलात तेव्हा बाबांना सात म्हणाला होतात. त्यातला एक काळा.

राजरत्न : काळा गेला.

माया : अरेरे. कशाने?

राजरत्न : वय झालं होतं.

दिपेश : जुना फिल्टर कोणता होता? पाण्यात बुडणारा, का काचेवर लटकवायचा?

राजरत्न : माया, एक मिनिट. टाकी नाहीये.

माया : फुटली?

राजरत्न : नव्हतीच कधी.

दिपेश : मी जरा मागच्या माशांना खाणं टाकून येतो. बोला तुम्ही, आरामसे.

माया : नव्हतीच म्हणजे?

राजरत्न : बायोडेटा नेत्राने बनवला, माझ्या बहिणीने. छंद काय म्हणून विचारलं, मी म्हटलं, क्रिकेट. ती म्हणाली, दादा, ते तर सगळेच लिहितात. आणि तिने ‘मासे पाळणे’ टाकलं. मी हसलो आणि विसरून गेलो. तुमच्या घरी तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

माया : विचारणारच. सगळ्या बायोडेटांत तेवढंच एक वेगळं होतं.

राजरत्न : बाबा पण समोर. तोंडातून सात निघून गेले. तेव्हापासून रोज मोबाइलवर माशांचे व्हिडिओ बघतोय. रविवारी तुम्ही सगळे चिखलोलीला आमचं घर बघायला येणार. म्हटलं, त्याआधी गुपचूप टाकी लावून टाकू.

माया : गुपचूप? मग मला कशाला आणलंत?

राजरत्न : फिल्टर घ्यायला जातोय असं फोनवर बोललो, तर तुम्ही म्हणालात, मीही येते, पाण्याचं मला कळतं. नाही कसं म्हणणार?

माया : हसू नका. मी हसत नाहीये.

राजरत्न : नाही हसत.

माया : आधीच्या स्थळाने मुलाची नोकरी सुटलेली लपवली होती. साखरपुड्याला आठ दिवस राहिले आणि कळलं. पाहुण्यांना एकेक फोन मी केला. बाबांना होईना. तुमच्या कागदावर आणखी काय काय खोटं आहे?

राजरत्न : उंची. अर्धा इंच जास्त.

माया : पगार?

राजरत्न : पगार खरा. ओव्हरटाइम धरून आहे, तो कधी असतो, कधी नसतो. फ्लॅटचं कर्ज लिहिलंय तेवढंच. कंपनीत मी फिटर आहे, नेत्राने इंजिनियर लिहिलं होतं, ते मी स्वतः खोडलं.

माया : आत्तासुद्धा थाप मारता आली असती. दोन फूट म्हणायचं, झालं.

राजरत्न : ओठावर आलं होतं. पण काळा मासा गेला म्हटल्यावर तुमचा चेहरा खरंच पडला. मग नाही जमलं.

माया : ...दिपेशभाऊ, या इकडे. दोन फुटी टाकी दाखवा. आणि ही पांढरी वाळू काय भाव?

दिपेश : ही इम्पोर्टेड आहे, मॅडम. एकदम चमकते. महाग आहे, पण शोभा बघा!

माया : बाजूला चायनीजची गाडी आहे ना? राजरत्न, वाटीभर व्हिनेगर मागून आणा. मिरच्या नकोत.

राजरत्न : आलोच.

दिपेश : मॅडम, तुम्ही काय करता?

माया : आनंदनगरला कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासते.

दिपेश : म्हणजे मी आज गेलो.

राजरत्न : हे घ्या. गाडीवाला विचारतोय, मंचुरियन पण देऊ का.

माया : चिमूटभर वाळू टाका त्यात. बघा.

राजरत्न : अरे! फसफसतेय. सोडा टाकल्यासारखी.

माया : शिंपल्याचा नाहीतर संगमरवराचा चुरा असणार. हळूहळू पाण्यात उतरतो, पाणी जड होतं. चमकते, पण आपल्या कामाची नाही.

दिपेश : साईं, समुद्रातले मासे ठेवणारे नेतात ही. तुम्ही विचारलं म्हणून दाखवली. ही करडी बघा. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात तीच. पावपट किमतीत. हिला पण टाका व्हिनेगर, चला.

राजरत्न : ही गप्प आहे.

माया : हीच द्या, दहा किलो. बादलीत घालून धुवायची. पाणी नितळ येईपर्यंत, कंटाळा न करता.

राजरत्न : धुतो. फिल्टर तो घेऊ? दिव्याचा, धबधबा पडतो तो?

दिपेश : दोन फुटांना तो कशाला? खोटं नाही बोलणार, आज ऑलरेडी खूप झालं. हा स्पंजवाला घ्या, सोबत हवेचा छोटा पंप. लाइट बिल पण कमी. स्पंज मात्र नळाखाली धुवायचा नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा.

राजरत्न : का?

दिपेश : चांगले जंतू असतात त्यात, ते घाण खातात. नळाच्या क्लोरीनने मरतात.

राजरत्न : बरं. मासे सात द्या. एक काळा.

दिपेश : आज नाही देणार.

राजरत्न : अहो, रविवारी पाहुणे आहेत!

दिपेश : ते जंतू तयार व्हायला महिना लागतो. त्यांच्यासाठी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, फिल्टर चालू ठेवा, महिन्याने पाण्याची बाटली भरून आणा. तपासून मग मासे देतो. आज नेले तर आठवड्यात उलटे तरंगतील.

माया : मिळतील दुसऱ्या दुकानात. हवेत का?

राजरत्न : नको. तुमच्या बाबांना सांगतो रविवारी.

माया : काय सांगाल?

राजरत्न : जे तुम्हाला सांगितलं तेच. चहा यायच्या आधी सांगतो, म्हणजे उठून जायचं असेल तर त्यांना अवघडायला नको.

माया : चिडतील ते.

राजरत्न : चिडू देत. त्यांचा हक्क आहे.

माया : मोकळ्या टाकीत नुसते बुडबुडे. नेत्राचं तोंड बघण्यासारखं होईल.

राजरत्न : आणि त्यांनी विचारलं, मासे आणणार कधी?

माया : म्हणायचं, महिन्याने. आपण दोघं येऊन घेऊ.

राजरत्न : आपण दोघं?

माया : पिशवी जड आहे. एक बंद तू धर.