तिसऱ्या चिपची गोष्ट

समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या कार्यशाळेचे मालक, आदरणीय साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या संग्रहालयाच्या संचालिका. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, आमच्या ताई. पहिल्या रांगेत अधूनमधून घड्याळ बघणारे ताईंचे यजमान. आणि जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डांवर माझ्यासारखेच डोळे फोडून घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. विभागप्रमुख असल्यामुळे मी सात घेईन.

मघाशी मानपत्राचं वाचन झालं. भाषा सुरेख आहे, पण त्यात एक ओळ आहे: ‘एक अपवाद वगळता सव्वीस वर्षं निर्दोष काम’. साहेब, ही ओळ चुकीची आहे. का, ते या सभागृहात फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि त्यातली एक व्यक्ती आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. बघा, ताई. आज तुमचा वचक चालायचा नाही.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. चाळीस वर्षांपूर्वीचा गेम बिघडला, की पुष्कळदा त्याची मेमरी गेलेली असते. पडद्यावर विमानाऐवजी चौकटी नाचतात, अक्षरांचा काला होतो. या बोर्डांवर मेमरीच्या आठ चिप ओळीने बसवलेल्या असतात आणि त्यातली एक जरी गेली तरी सगळ्या खेळाचा बोऱ्या वाजतो. आता आठातली चोर कोण? आमच्यातले बरेचजण संशय आला की चिप उपटून मोकळे होतात. ताई तसं करत नाहीत. त्या आधी एकेकीवर बोट ठेवून बघतात, कोण जास्त तापलंय. (यजमान हसताहेत, म्हणजे ही पद्धत घरीही असावी.) मग एक चांगली चिप संशयिताच्या पाठीवर, पायाला पाय टेकवून धरतात. पडद्यावरचं चित्र सुधारलं, तरच चिप काढायला सोल्डर गन हातात घ्यायची.

मी अकरा वर्षांपूर्वी इथे लागलो तेव्हा मला एवढा धीर कुठला? पदविकेला पहिला आलो होतो, डोक्यात हवा होती. दोन महिन्यांत दोन बोर्ड माझ्या हातून कायमचे गेले. साहेबांनी बजावलं की तिसरा गेला तर घरी बसायचं. घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि कमावणारा मी एकटा.

अशात संग्रहालयाचा बोर्ड आला. तसा दुसरा कुठे शिल्लक असल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं आणि प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. ताई जेवायला गेल्या होत्या. मी बोर्ड चालू केला, त्याने स्वतःची तपासणी केली आणि पडद्यावर बिघडलेल्या चिपचा आकडा दाखवला, तीन. मी खूश. डावीकडून एक, दोन, तीन मोजलं आणि तिसरी चिप काढायला घेतली. घाईघाईत इतकी उष्णता दिली, की चिपबरोबर खालची, वीज वाहून नेणारी तांब्याची रेघही उखडून आली. नवी चिप बसवली. आधी पडदा निदान काहीतरी दाखवत होता, आता तेही बंद झालं.

ताई आल्या. त्यांनी बोर्ड पाहिला, मग माझा चेहरा पाहिला.

“मोजलंस कुठून?”

“एकापासून.”

“यंत्र शून्यापासून मोजतं रे.”

मंडळी, शून्य, एक, दोन, तीन. म्हणजे चोर चौथी होती आणि मी निरपराध तिसरीचा जीव घेतला होता. हे ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं होतं.

त्यांनी तुटलेल्या रेघेच्या जागी केसासारखी बारीक तार जोडली, चौथीच्या पाठीवर चांगली चिप धरून खात्री केली आणि मग ती बदलली. दुपारच्या चहाच्या आत खेळ सुरू. पण हिरव्या बोर्डावर निळी तार लपणार कशी? संग्रहालयाने तक्रार केली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, हे कोणाचं काम? मी तोंड उघडेपर्यंत ताई म्हणाल्या, “माझा हात घसरला.” आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

जिन्यात मी त्यांना विचारलं, का असं केलंत? तर म्हणाल्या, “ही चूक तू आता पुन्हा करणार नाहीस. तुझ्या जागी नवा माणूस येईल, तो करेल.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नियम झाला की ताईंचा प्रत्येक बोर्ड दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि तपासायला नेमलं कोणाला? मला. अकरा वर्षं मी त्यांच्या कामाखाली सही करतो आहे. एकदाही खोट सापडली नाही, आणि ती सापडावी असं मला कधीकधी वाटलं, हेही आज कबूल करतो. प्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा, जिच्या कामावर दुसऱ्याची सही लागते तिला ती कशी द्यायची, असं ठरलं आणि मला मिळाली. तोवर आई गेली होती, नोकरी पक्की होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण मला ती खुर्ची हवी होती. याची मला लाज वाटते.

साहेब, उद्या सकाळी आपल्या केबिनमध्ये मला यावं लागणार हे आपल्या चेहऱ्यावरून दिसतंच आहे. येईन. त्याआधी त्या ओळीतले ‘एक अपवाद वगळता’ हे शब्द आपण आपल्याच पेनने खोडावेत, अशी सगळ्यांसमक्ष विनंती करतो. मानपत्रावर खाडाखोड दिसेल, दिसू द्या.

संयोजकांचे, माइक सांभाळणाऱ्या मित्राचे आणि सातची दहा मिनिटं होऊनही चुळबुळ न करणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. जे बोललो ते मी निस्तरीन. अकरा वर्षं जे बोललो नाही, तेवढं मात्र, ताई, तुम्ही पोटात घाला.